पगारातले शेअर आणि तिमाहीच्या तोंडावरची दोन बिलं

पत्र, थोडक्यात:

‘मी शेअर बाजारात नोंदलेल्या, यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत फायनान्स कंट्रोलर आहे. लवकरच मला सीएफओ, म्हणजे वित्त विभागाचा प्रमुख, करायचं घाटतंय. नव्या पॅकेजमध्ये निम्म्याहून जास्त रक्कम ऑप्शन (ठरलेल्या दराने शेअर घ्यायचा हक्क) आणि शेअरच्या रूपात आहे. माझ्या मोठ्या भावाचं सगळं आयुष्य ऑडिटमध्ये गेलं. तो म्हणाला, “जिथे साहेबांचा पगार शेअरमध्ये, तिथे हिशेबात लबाडी आलीच म्हणून समज.” मी ते हसण्यावारी नेलं. पण गेल्या आठवड्यात एमडींनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दोन मोठ्या ऑर्डरींची बिलं याच तिमाहीत धरायला सांगितलं. यंत्रं गिऱ्हाइकाकडे पोचली आहेत, पण बसवून चाचणी झालेली नाही. करारात चाचणीनंतरच स्वीकृती आहे. “दहा-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, पैसे कुठे पळून जातायत?” असं त्यांचं म्हणणं. ही बिलं धरली की वर्षाचं नफ्याचं टार्गेट गाठलं जातं आणि टार्गेट गाठलं की एमडींचे शेअर व्हेस्ट होतात, म्हणजे पक्के त्यांच्या नावावर होतात. हे मला पक्कं माहीत आहे, कारण तो तक्ता मीच तयार केला. शेअरमध्ये पगार घेणं मुळातच चूक आहे का? हे पद घ्यावं का? आणि या दोन बिलांचं काय करू?’

उत्तर:

तीन प्रश्नांपैकी शेवटच्याला मुदत आहे, म्हणून आधी तो घेते. ती दोन बिलं या तिमाहीत धरू नका.

कारण तुमच्याच पत्रात आहे. स्वीकृती चाचणीनंतर, असं करार म्हणतो. महसुलाचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएफआरएस १५, मुख्यतः एकच गोष्ट विचारतं: मालावरचं नियंत्रण गिऱ्हाइकाकडे गेलं का? यंत्र त्याच्या आवारात उभं आहे, एवढ्याने ते जात नाही. चाचणीत नापास झालं तर ‘घेऊन जा परत’ म्हणायची सोय त्याच्याकडे असेल, तर विक्री अजून व्हायची आहे. मानकात एक वाट मात्र आहे आणि ती सरळ आहे. चाचणी निव्वळ उपचार असेल, म्हणजे यंत्र ठरलेल्या निकषांना उतरतं हे तुम्हाला आधीच पुराव्यानिशी दाखवता येत असेल, तर स्वीकृतीच्या सहीसाठी थांबावं लागत नाही. याच जातीच्या यंत्रांच्या मागच्या चाचण्यांचं रेकॉर्ड काढून बघा. सगळी पहिल्या फेरीत पास झाली असतील, तर बोलायला जागा आहे, आणि ते बोलणं ऑडिटरसमोर व्हायला हवं. पण एमडींनी हा मुद्दा काढलेलाच नाही. पैसे येणार आहेत, एवढंच ते म्हणाले. येणारे पैसे आणि कमावलेला महसूल यांतला फरक सांभाळण्यासाठीच तर तुम्हाला पगार मिळतो.

आता भावाचं वाक्य. ऑडिटमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचा संशय मी हलक्यात घेत नाही. पण तो सरसकट लावला तर जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या चोरांच्या ठरतील, आणि तसं काही नाही. पगारात शेअर आले कुठून, हे आधी पाहू.

१९९० मध्ये मायकेल जेन्सन आणि केविन मर्फी या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक हिशेब मांडला. कंपनीच्या भागधारकांची संपत्ती १,००० डॉलरने वाढली, तर सीईओची संपत्ती त्यामागे जेमतेम ३.२५ डॉलरने वाढते, असं त्यातून निघालं. म्हणजे कंपनी वर जावो की खाली, साहेबाला फारसा फरक पडत नाही. त्यांचं सांगणं होतं की किती देता यापेक्षा कसं देता ते बघा. मालकाचं नुकसान ते याचंही नुकसान झालं पाहिजे. विचार म्हणून आजही यात खोट काढणं अवघड आहे. १९९३ मध्ये अमेरिकेने करकायदा बदलला: वरिष्ठ अधिकाऱ्याचा १० लाख डॉलरवरचा पगार कंपनीला खर्च म्हणून वजा करता येणार नाही, कामगिरीशी जोडलेला असेल तर मात्र येईल. ऑप्शन ‘कामगिरीशी जोडलेले’ धरले गेले. (ही सवलत २०१७ मध्ये काढून टाकली.) त्यात भर म्हणजे बाजारभावाला दिलेले ऑप्शन त्या काळी नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दाखवावेच लागत नसत. ती सक्ती आली २००५ च्या सुमारास. कर वाचतो, खर्च दिसत नाही, साहेब खूश. संचालक मंडळांनी ऑप्शन अक्षरशः वाटले.

मेख आहे ती ऑप्शनच्या घडणीत. समजा भाव १०० असताना तुम्हाला १०० च्या दराने शेअर घ्यायचा हक्क मिळाला. भाव १४० झाला तर ४० चा फायदा. ६० झाला तर शून्य, २० झाला तरी शून्य. ज्याने खिशातून १०० घालून शेअर घेतला, त्याचे मात्र ६० वर ४० आणि २० वर ८० बुडाले. ऑप्शनवाल्याला वरचा मजला आहे, तळघर नाही, त्यामुळे तो मालकापेक्षा जास्त धाडस करतो. इथवर फक्त जोखीम आहे, लबाडी नाही. खरी पंचाईत भाव १४० ला पोचल्यावर होते. आता कागदावर ४० चा फायदा आहे, असे लाखो ऑप्शन आहेत, आणि येणारी तिमाही वाईट आहे हे बाकी कुणाच्याही आधी साहेबाला कळतं. निकाल खरा सांगितला तर भाव ९५ वर जाईल आणि कागदावरची सगळी दौलत एका सकाळीत शून्य होईल. हिशेबाचं पुस्तक त्याच्याच हाताखाली आहे. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासायचा, अशी ही व्यवस्था झाली.

अभ्यास काय सांगतात? इथे तुमच्या भावाच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे. नताशा बर्न्स आणि सिमी केडिया यांनी २००६ मध्ये दाखवलं, की ज्या सीईओंच्या ऑप्शनची किंमत भावाबरोबर जास्त हलते, त्यांच्या कंपन्यांत हिशेब चुकीचे निघण्याचं प्रमाण जास्त असतं. लक्षात घेण्यासारखं हे, की साधे शेअर, पगार किंवा बोनस यांच्याशी असा संबंध त्यांना आढळला नाही. त्याच वर्षी डॅनियल बर्गस्ट्रेसर आणि तोमा फिलिपाँ यांनी आणखी एक गोष्ट टिपली. नफ्यातला ‘अंदाजावर ठरणारा’ भाग ज्या वर्षांत फुगलेला असतो, त्याच वर्षांत सीईओ नेहमीपेक्षा जास्त ऑप्शन वापरतात आणि शेअर विकतात. वर जो १४० चा दाखला दिला, त्याच्याशी जुळणारं निरीक्षण २००७ च्या एका अभ्यासात आहे: चुकीचे हिशेब निघालेल्या कंपन्यांच्या सीईओंकडे भरघोस फायद्यात असलेले ऑप्शन पडून होते.

पण दुसरी बाजूही तितकीच दमदार आहे. मर्ल एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी, २००६ मध्येच, प्रत्यक्ष फ्रॉडच्या आरोपाखाली आलेल्या कंपन्या घेतल्या आणि शेअरवरच्या पगाराशी त्यांचा ठाम संबंध त्यांना सापडला नाही. २०१० मध्ये ख्रिस्तोफर आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी एकमेकींसारख्या कंपन्यांच्या जोड्या लावून तुलना केली. संबंध दिसेना, उलट काही ठिकाणी जास्त शेअर असलेल्यांकडे गडबड कमीच निघाली. इतका मतभेद का, याचं एक कारण उघड आहे. आपल्याला फक्त पकडलेले फ्रॉड मोजता येतात, न पकडलेले नाही. दुसरं म्हणजे ज्या कंपन्या झपाट्याने वाढतात त्या ऑप्शनही जास्त देतात आणि त्यांचे हिशेबही जास्त अंदाजावर चालतात. मग दोष ऑप्शनचा की वाढीच्या घाईचा?

सगळं वाचून माझं मत असं झालं आहे: शेअर दिले की नाहीत यावर फार थोडं ठरतं. ते कधी विकता येतात, भाव पडला तर काही बुडतं का, आणि चुकीच्या आकड्यावर मिळालेला पैसा परत घेता येतो का, यावर बरंच ठरतं. २००९ च्या एका अभ्यासात फ्रॉड झालेल्या कंपन्यांमधल्या अधिकाऱ्यांचं आमिष मुख्यतः विकायला मोकळ्या असलेल्या शेअरमधून येत होतं. आर्मस्ट्राँग यांच्याच गटाने २०१३ मध्ये मांडलं, की गडबडीचा धागा भाव वाढण्याच्या लोभापेक्षा जोखमीची चटक लावणाऱ्या रचनेशी जास्त जुळतो, म्हणजे पुन्हा ऑप्शनच्या त्या तळघर नसलेल्या बाजूशी.

पगारावरच थेट हात मारल्याची एक तऱ्हा वेगळीच. १९९७ मध्ये डेव्हिड येरमॅक यांच्या लक्षात आलं, की सीईओला ऑप्शन मिळाले की लगेच भाव चढतो. नशीबच म्हणायचं! २००५ मध्ये एरिक ली यांनी आकडे उकलून दाखवलं, की भाव ऑप्शन मिळण्याआधी पडतो आणि नंतर चढतो, इतक्या नेमकेपणाने की तारीख मागाहून निवडली असल्याशिवाय हे घडणं कठीण. तिमाहीतला सर्वांत पडका दिवस बघायचा आणि कागदावर तीच तारीख घालायची, म्हणजे शेअर घ्यायचा दर त्या दिवसाचा, सर्वांत कमी ठरतो. २००६ मध्ये वर्तमानपत्रांनी हे लावून धरलं आणि अमेरिकेत शंभराहून जास्त कंपन्यांची चौकशी झाली. युनायटेडहेल्थचे सीईओ विल्यम मॅग्वायर यांना पद सोडावं लागलं आणि २००७ मध्ये ४६ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. कॉमव्हर्सचे कोबी अलेक्झांडर नामिबियाला जाऊन राहिले, दहा वर्षांनी परतले आणि गुन्हा कबूल केला. ही युक्ती मोडायला फार काही लागलं नाही. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने ऑप्शन मिळाल्यापासून दोन कामकाजी दिवसांत ते जाहीर करायची सक्ती केली होती. ज्यांनी ती पाळली, त्यांना मागची तारीख घालायला वावच उरला नाही.

भावाचं वाक्य अपुरं का, ते दोन मोठ्या प्रकरणांत दिसतं. वर्ल्डकॉम या अमेरिकन टेलिफोन कंपनीचे सीईओ बर्नी एबर्स यांची दौलत होती मुख्यतः कंपनीच्या शेअरमध्ये, आणि ते शेअर तारण ठेवून त्यांनी कर्जं काढली होती. भाव पडू लागला तशी बँकांनी जादा तारणाची मागणी सुरू केली. एबर्स यांनी शेअर विकू नयेत म्हणून कंपनीनेच त्यांना सुमारे ४० कोटी डॉलरची कर्जं आणि हमी दिली. आता भाव टिकवणं हा त्यांच्या घरादाराचा प्रश्न झाला. दुसऱ्या कंपन्यांच्या लाइन वापरल्याचं भाडं हा रोजचा खर्च. तो भांडवली खर्च म्हणून ताळेबंदात ढकलला गेला, म्हणजे त्या वर्षीचा नफा फुगलेला दिसला. २००२ मध्ये आधी ३८० कोटी डॉलरची गडबड जाहीर झाली, शेवटी आकडा ११०० कोटींवर गेला. एबर्स यांना २५ वर्षांची शिक्षा झाली. सत्यम या आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपनीत तर गडबड करणारे संस्थापकच होते. ७ जानेवारी २००९ च्या कबुलीपत्रात रामलिंग राजू यांनी ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही, असं लिहिलं. तिथेही प्रवर्तकांचे शेअर गहाण होते. त्यानंतर सेबीने प्रवर्तकांचं तारण जाहीर करणं बंधनकारक केलं. दोन्हीकडे पगाराच्या रचनेपेक्षा कर्जाने बांधलेल्या शेअरचा वाटा मोठा. तेव्हा तुमच्या एमडींचे शेअर तारण आहेत का, हे वार्षिक अहवालात किंवा शेअर बाजाराला दिलेल्या माहितीत मिळतं का ते जरूर बघा. व्हेस्टिंगच्या तक्त्यापेक्षा ते जास्त बोलेल.

वर्ल्डकॉमचीच एक बाजू मुद्दाम तुमच्यासाठी सांगते. पहिली खोटी नोंद भांडवली खर्चाची नव्हती. २००० च्या तिसऱ्या तिमाहीत आकडे कमी पडले, तेव्हा लाइनभाड्यासाठी राखून ठेवलेल्या तरतुदींतून ८२ कोटी ८० लाख डॉलर उचलून खर्च कमी दाखवला गेला. नोंद करणाऱ्या हिशेब खात्यातल्या मधल्या फळीच्या लोकांना ते पटलं नव्हतं. त्यांनी राजीनाम्याची तयारीही केली होती. सीएफओ स्कॉट सुलिव्हन यांनी त्यांची समजूत घातली: एवढा प्रसंग निभावू द्या, मग खुशाल जा. ते थांबले. पुढच्या तिमाहीत पुन्हा कमी पडले. त्यांतल्या एका बाईंना शेवटी पाच महिने तुरुंग आणि पाच महिने घरकैद झाली. सुलिव्हन यांना पाच वर्षं. नोंदी ज्यांनी हाताने घातल्या, त्यांना शेअरमधून काही मोठं घबाड मिळणार नव्हतं.

याच ठिकाणी तुमचा प्रश्न वळतो. ‘माझ्या पगारात शेअर आले तर मी बिघडेन का?’ असं तुम्ही विचारताय. २०११ मध्ये मेई फेंग, वेईली गे आणि सहकाऱ्यांनी नेमकं सीएफओंवर काम केलं: मोठ्या हिशेबी लबाडीत ते का गुंततात? ज्या कंपन्यांवर अमेरिकेच्या बाजार-नियामकाने, एसईसीने, कारवाई केली, तिथल्या सीएफओंचं स्वतःचं शेअरमधलं आमिष तशाच इतर कंपन्यांतल्या सीएफओंपेक्षा वेगळं नव्हतं. सीईओंचं मात्र जास्त होतं, आणि त्यांची सत्ताही जास्त होती. थोडक्यात, सीएफओ बहुतेक वेळा आपल्या लोभापायी अडकत नाही, साहेबाच्या दडपणाखाली अडकतो. आणि कारवाई झाली की किंमत दोघेही मोजतात. तुमचं पॅकेज बदलून घेतलं तरी एमडींचं तसंच राहणार आहे. केबिनमध्ये तुम्हाला बोलावण्यात आलं ते त्यांच्या तक्त्यापायी. तुमचा अजून लागूसुद्धा झालेला नाही.

‘दहा-पंधरा दिवसांचा प्रश्न’ हे वाक्य फसवं का आहे, ते आकड्यांत बघू. समजा टार्गेट १०० चं, खरा आकडा ९४, आणि ती दोन बिलं ६ ची. ती आत ओढली, १०० झाले, टाळ्या. पुढच्या तिमाहीत समजा पुन्हा १०० यायला हवे होते. त्यातले ६ आधीच खाल्लेत, हातात ९४. आणि मंडळ आता ९४ वरून नव्हे, १०० वरून वाढ मागणार, म्हणजे टार्गेट १०५. भोक ६ चं होतं, ११ चं झालं. आता दोन बिलांनी भागणार नाही. कॅथरिन श्रँड आणि सारा झेकमन यांनी एसईसीच्या कारवाईतली ४९ प्रकरणं सुरुवातीपासून तपासली. सुमारे एक-चतुर्थांशांमध्येच कायद्याच्या व्याख्येत बसणारा खोटा हेतू दिसला. बाकी तीन-चतुर्थांशांत पहिली चूक फाजील आशावादातून झालेली असू शकते: पुढच्या तिमाहीत भरून काढू. भरून निघालं नाही, आणि मग मात्र मुद्दाम खोटं लिहिणं भाग पडलं. तुमचे एमडी वाईट माणूस आहेत, असं मी म्हणत नाही. बहुधा त्यांना खरंच वाटतंय की यंत्रं पास होणार.

मधला एक करडा पट्टाही आहे, तो सीएफओ झालात की रोज लागेल. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४०१ वित्त अधिकाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांनी सांगितलं, की नफा गुळगुळीत दिसावा म्हणून कंपनीचं खरंखुरं नुकसान सोसायची आमची तयारी आहे. जाहिरात पुढे ढकलायची, संशोधनाचा खर्च कापायचा. यात बेकायदा काही नाही. अ‍ॅलेक्स एडमन्स आणि सहकाऱ्यांना आढळलं, की ज्या तिमाहीत सीईओचे जास्त शेअर मोकळे होतात, त्या तिमाहीत संशोधनावरच्या खर्चाची वाढ मंदावते. ऑडिटर याला हरकत घेणार नाही. त्यामुळे व्हेस्टिंगची तारीख तुमच्या कॅलेंडरवर असू द्या, आणि त्या आसपास आलेला प्रत्येक ‘तातडीचा’ प्रस्ताव दोनदा वाचा.

पद घ्यावं का? घ्या, पण पॅकेजची रक्कम बघायच्या आधी रचना बघा. ऑप्शनऐवजी थेट शेअर मिळत असतील तर ते मागा, संख्येने कमी मिळाले तरी चालतील. त्यांना तळघर आहे आणि तुमच्या जागेवरच्या माणसाला ते असलेलं बरं. एकदम मोकळे होण्यापेक्षा चार-पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने व्हावेत, आणि नोकरी सोडल्यावरही काही काळ विकता येऊ नयेत. ही अट तुम्ही स्वतःहून मागितलीत तर वेतन समितीतले लोक चमकून बघतील. बघू देत. तारण ठेवण्यावर आणि भाव पडण्याविरुद्ध विमा काढल्यासारखे सौदे करण्यावर बंदी असावी, तुम्हालाही आणि एमडींनाही.

सगळ्यात जास्त भांडा ते टार्गेटच्या कड्यावरून. तुमच्या पत्रावरून वाटतं, की ९९ ला शून्य आणि १०० ला सगळं, अशी तुमच्याकडची रचना असावी. कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला शेवटच्या एका आकड्यासाठी काहीही करावंसं वाटतं. ९४ ला ९४ च्या हिशेबाने आणि १०३ ला १०३ च्या हिशेबाने शेअर मिळाले असते, तर एमडींनी दोन बिलांसाठी केबिनचं दार लावून घेतलं असतं का, मला शंका आहे. माझ्या मते पगाराच्या रचनेतली ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे आणि सर्वांत कमी वेळा केली जाते. सीएफओ म्हणून हा प्रस्ताव मांडायचा तुम्हाला पूर्ण अधिकार असेल. आणि तुमचं स्वतःचं टार्गेट नफ्याशी अजिबात बांधून घेऊ नका. हिशेब वेळेत लागणं, ऑडिटच्या शेऱ्यांचा निपटारा, रोख वसुली, असं काही मागा.

पैसे परत घेण्याचं कलम, ज्याला क्लॉबॅक म्हणतात, ते शब्दशः वाचा. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने हिशेब गैरवर्तनामुळे दुरुस्त करावे लागले, तर सीईओ आणि सीएफओकडून बोनस आणि शेअरविक्रीचा नफा काढून घेता येतो, ते गैरवर्तन त्यांचं स्वतःचं नसलं तरी. सीएसके ऑटोच्या सीईओवर फ्रॉडचा आरोप नव्हता, तरी २०११ मध्ये त्यांना २८ लाख डॉलर परत करावे लागले. २०२३ पासून तिथल्या नोंदणीकृत कंपन्यांना आणखी कडक धोरण ठेवावं लागतं: हिशेब दुरुस्त झाले की मागच्या तीन वर्षांतली जास्तीची रक्कम वसूल करायची, चूक कुणाची ते न विचारता. पण त्यातही एक फट राहिली आहे. जे शेअर कुठल्याही टार्गेटशिवाय, नुसता काळ गेला म्हणून मोकळे होतात, ते या नियमात येत नाहीत. तुमच्या कंपनीच्या धोरणात ते येतात का, विचारा.

आणि हे विचाराच: आधीचे सीएफओ का गेले? उत्तर एमडींकडून घेऊ नका. शक्य असेल तर त्या माणसालाच गाठा.

आता या आठवड्याचं काम. एमडींना एक पानाचं टिपण ईमेलने पाठवा. सूर नेहमीचा ठेवा. मजकूर साधारण असा: ‘आपल्या चर्चेप्रमाणे दोन्ही ऑर्डरी तपासल्या. कराराच्या अमुक कलमानुसार चाचणीनंतर स्वीकृती आहे, ती झालेली नाही. त्यामुळे या तिमाहीत महसूल धरता येणार नाही असं माझं मत आहे. चाचणी उपचारापुरती आहे का, हे मागच्या रेकॉर्डवरून ऑडिटरबरोबर तपासू शकतो. चाचणी लवकर व्हावी म्हणून बसवणाऱ्या टीमला आजच पाठवावं असं सुचवतो.’ शेअरचा, व्हेस्टिंगचा त्यात एक शब्द नको. तो तक्ता तुम्हाला माहीत आहे, हे त्यांनाही माहीत आहे. हेतूवर बोट ठेवलंत की भांडण तुमच्या हेतूंवर येईल; कलमावर बोट ठेवलंत तर त्यांना कलमाबद्दलच बोलावं लागेल. तोंडी उत्तर आलं तर ‘आत्ताच्या बोलण्यानुसार’ म्हणून दोन ओळी पुन्हा पाठवा.

ते ऐकले नाहीत तर पुढची पायरी संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीचे अध्यक्ष. पद स्वीकारायच्या आधी त्यांना तसंही एकटं भेटायला हवंच: सीएफओला काढायचं असेल तर तुमची संमती लागते का, आणि एमडींशी मतभेद झाला तर मी थेट तुम्हाला फोन करू शकतो का, हे दोन प्रश्न घेऊन जा. ‘बघू, तशी वेळ येणार नाही’ असं उत्तर मिळालं, तर ते ‘नाही’ समजा. प्रकरण तिथवर गेलं तर स्वतःचा वकील गाठा. कंपनीचा वकील कंपनीचा असतो. आणि हे मिटेपर्यंत तुमच्याकडे सध्या असलेले कंपनीचे शेअर विकू नका, घेऊही नका. तिमाहीचा खरा आकडा तुम्हाला माहीत आहे आणि बाजाराला नाही, त्यामुळे तो सौदा तुमच्यावरच उलटेल.

टीम जाऊन चाचणी तिमाहीच्या आत पार पडली, सही झाली, तर बिलं निर्धास्त धरा. एमडींचे शेअर त्यामुळे व्हेस्ट झाले तर होऊ देत. नाहीच झाली, तर आकडा ९४ म्हणून जाऊ द्या. त्यानंतर एमडी तुमच्याशी कसे वागतात ते महिनाभर बघा आणि सीएफओच्या पत्रावर सही त्या महिन्यानंतर करा.